शेतापासून ताटापर्यंत : ओडिशातील नाचणी अभियानाचा धडा

धान्याचे कोठार भरले म्हणजे घरातील बालकाचे पोषण झाले, असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, तर ६ ते ५९ महिने वयोगटातील ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. याच काळात शासकीय गोदामांत तांदूळ व गव्हाचा मुबलक साठा होता. अन्नसुरक्षेला पोषणाची जोड कशी द्यावी, याचे एक उपयुक्त उदाहरण ओडिशा राज्यात पाहावयास मिळते.

कोरापूट, मलकानगिरी यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत नाचणी (तेथील ‘मांडिया’) हे पूर्वापार अन्न आहे. मात्र रेशनवर स्वस्त तांदूळ मिळू लागला, नाचणीला खात्रीचा खरेदीदार राहिला नाही आणि मळणी-सफाईचे कष्ट स्त्रियांच्याच वाट्याला येत राहिले. परिणामी शेतातील आणि आहारातील नाचणीचा वाटा घटत गेला. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडीच्या तांदळात ते १० मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. ताटातून नाचणी गेल्याने काय गमावले, हे यावरून ध्यानात यावे.

२०१७ मध्ये ओडिशा शासनाने सात जिल्ह्यांतील ३० तालुक्यांत भरडधान्य अभियान सुरू केले. केवळ बियाणे वाटून न थांबता त्यात पुढील दुवे एकत्र जोडण्यात आले :

१. आहार : कुटुंबाच्या जेवणात भरडधान्य परत आणण्यासाठी प्रात्यक्षिके व जनजागृती.

२. लागवड : स्थानिक वाणांचे जतन, कोवळ्या रोपांची योग्य अंतरावर पुनर्लागवड आणि कोळप्याने आंतरमशागत.

३. प्रक्रिया : बचत गट व शेतकरी उत्पादक संस्थांमार्फत गावपातळीवर मळणी व सफाईची यंत्रे.

४. खरेदी : किमान आधारभूत किमतीने नाचणीची शासकीय खरेदी.

५. वितरण : रेशन व अंगणवाडीत समावेश. केओंझार व सुंदरगड जिल्ह्यांत अंगणवाडीतील बालकांना नाचणीचे लाडू देण्यात आले.

केंद्र शासनाने नाचणीची आधारभूत किंमत २०१७-१८ मधील प्रतिक्विंटल १,९०० रुपयांवरून २०१८-१९ मध्ये २,८९७ रुपये केली. परंतु जाहीर झालेला भाव शेतकऱ्याच्या हाती पडण्यासाठी जवळपास खरेदी केंद्र असावे लागते. अभियानाने ही उणीव भरून काढली, हे त्याचे महत्त्वाचे यश होय. पुढे अभियानाचा विस्तार राज्यभर करण्यात आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भाव चांगला मिळू लागला की घरातील सर्व नाचणी विकून टाकण्याचा मोह होतो. तसे झाल्यास उत्पन्न वाढेल, परंतु बालकाच्या ताटात फरक पडणार नाही. म्हणूनच अभियानाने घरगुती आहाराला खरेदीइतकेच महत्त्व दिले.

कोकण, नाशिक, पालघर व कोल्हापूरच्या डोंगराळ भागातील नाचणी उत्पादकांनाही हा अनुभव मार्गदर्शक ठरेल. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींवर भर द्यावा. विक्रीपूर्वी कुटुंबाच्या वर्षभराच्या गरजेची नाचणी बाजूला काढण्यास सांगावे. नाचणीतील फायटेटमुळे लोह व कॅल्शियमचे शोषण कमी होते. मोड आणल्याने किंवा आंबवल्याने त्याचे प्रमाण घटते. त्यामुळे मोडाचे पीठ व आंबील यांचा प्रसार करावा. पीठ वस्त्रगाळ केल्यास कोंड्यातील खनिजे वाया जातात, हेही समजावून द्यावे. नाचणीच्या भाकरीसोबत डाळ, पालेभाजी आणि लिंबू असल्यास आहार अधिक परिपूर्ण होतो.

यापुढे पीक प्रात्यक्षिकाची नोंद करताना एकरी उत्पादनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना जोडावा : त्यापैकी घरी खाण्यासाठी किती ठेवले? या प्रश्नाच्या उत्तरावरूनच कार्यक्रम ताटापर्यंत पोहोचला की नाही, हे कळेल.