पहिला वाढदिवस : औक्षणाचं ताट कोणाच्या हाती?

आपल्या भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर आता बारशाइतकीच धामधूम पहिल्या वाढदिवसाची असते. दारात फ्लेक्स, मांडव, डीजे, मोठा केक. हौस असावीच. लेकरू वर्षाचं झालं, हा आनंद लहान नाही. पण हा दिवस कोणाचा, हे आज आपण बोलू या.

आधी बाळाचं पाहू. वर्षाच्या बाळाला केक कळत नाही, ओळखीची माणसं कळतात. झोपेच्या वेळी, डीजेच्या आवाजात त्याला हातोहाती फिरवलं की ते रडणारच. म्हणून कार्यक्रम सकाळी, त्याची झोप झाल्यावर ठेवावा. पुण्याहून आलेल्यांनाही एसटीने दिवसाउजेडी परतता येतं. तारीख भातलावणीच्या धांदलीत आली, तर त्या दिवशी घरच्या घरी ओवाळावं आणि जेवण सवडीच्या रविवारी करावं.

बाळाला मऊ भात, वरण, तूप किंवा नाचणीची खीर द्यावी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं देऊ नयेत, ती घशात अडकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही लगेच उचलावेत, बाळ ते तोंडात घालतं. ओवाळताना निरांजन जरा लांब धरावं, कारण या वयात बाळ ज्योतीवर झडप घालतं.

आता औक्षणाचं. आपल्याकडे पाच सुवासिनींना बोलावतात. आई शेतावर गेली की दिवसभर बाळ सांभाळणारी, त्याला तेल लावून न्हाऊ घालणारी आजी विधवा असेल, तर ती मात्र त्या वेळी चुलीपाशी बसून राहते. जिच्या मांडीवर बाळ वाढलं, तिचाच आशीर्वाद त्याला कसा बरं चालत नाही?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. ठराव गावाचा असतो, पण तो अंगवळणी पडतो घरात. वाढदिवस ही त्याची चांगली संधी आहे.

पण चारचौघांत अचानक आजीच्या हाती ताट देऊ नका. कित्येकदा तीच दचकते, "मला नको गं" म्हणते. आदल्या दिवशी तिच्याशी निवांत बोला. घरातल्या पुरुषांनाही आधी सांगा. सुनेने तिच्या शेजारी उभं राहून दोघींनी मिळून पहिलं ओवाळावं. गटातल्या चौघीजणी तिथे असल्या, की कुजबुजीला उत्तर द्यायला ती एकटी पडत नाही. तरीही ती नको म्हणाली, तर बळजबरी नको. बाळाला तिच्या मांडीवर बसवा आणि बाकीच्यांनी ओवाळा.

खर्चाचंही बोलू. वाढदिवसासाठी दहा हजारांचं कर्ज काढलं आणि महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज धरलं, तर मुद्दल तसंच राहिल्यास वर्षाला २,४०० रुपये नुसतं व्याज होतं. म्हणजे दुसरा वाढदिवस आला तरी पहिल्याचं देणं डोक्यावर. घरचा इंद्रायणी भात, आमटी, एक गोड पदार्थ आणि जवळची माणसं, एवढ्यातही घर भरतं.

त्या दिवशी बाळाची कागदपत्रं जरूर काढून बघा. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर नोंदीपासून १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं. पुढे शुल्क लागतं. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली का, ते कार्डावर पाहा. पुढची मात्रा १६ ते २४ महिन्यांत असते. मुलगी असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं २५० रुपयांत उघडतं. पाहुण्यांना सांगता येईल, "फ्रॉक खूप झालेत, खात्यात भर घाला."

पुढच्या बैठकीत गटात एवढंच विचारा : येत्या महिन्यांत कोणाचं बाळ वर्षाचं होतंय, आणि त्या घरात मागे बसणारी आजी कोण? त्या घरी आपण सगळ्या मिळून जाऊ या.