हात मागे

पहाटे ५.३०
शाडू आदल्या रात्रीच भिजत घातलेला असतो. पोत्यातली पांढरट भुकटी सकाळपर्यंत करडी, मऊ होते, पण ती अजून मूर्तीची माती झालेली नसते. तिला तिंबावं लागतं. मळताना त्यात थोडा पिंजलेला कापूस घालतो, म्हणजे वाळताना तडे कमी जातात. बायको आणि मी, दोघं मिळून आजच्या कार्यशाळेतल्या चाळीस जणांची माती मळेपर्यंत खांदे भरून येतात. आमच्याकडच्या गाळाच्या मातीचे बेंदराला बैल होतात, पण गणपतीसाठी लोकांना शाडूच हवा असतो आणि तो येतो थेट गुजरातेतून. त्यामुळे प्रत्येक गोळ्यात भाड्याचे पैसे मळलेले असतात. हे पुढे संध्याकाळी कामाला येतं.

एरवी मी शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवतो. पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचो, ते काम फ्लेक्सनं खाल्लं. आषाढ-श्रावणात मूर्ती, आणि रविवारी अशा कार्यशाळा.

७.३०
माती, पाट, कोरण्या, ओली फडकी, सगळं छोट्या हत्तीत चढवलं. जयसिंगपुरात पत्ता शोधावा लागत नाही. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेली ही पेठ. गल्ल्या सरळ आणि त्यांना नंबर. कितवी गल्ली एवढंच विचारायचं. हॉलच्या दारावर बॅनर लागलाय. त्यावर शुभेच्छुकांचे नऊ फोटो, बाप्पाचा एक, आणि तळाला ‘मार्गदर्शन’ या शब्दापुढे माझं नाव, चष्मा घालून वाचता येईल एवढं.

९.००
मुलं, त्यांच्या आया, दोन कॉलेजकुमार आणि एक निवृत्त बँकवाले काका, जे वही-पेन घेऊन आलेत. प्रत्येकाला पाट, मातीचा गोळा, वाटीत पाणी. पहिल्यांदा एकच नियम सांगतो: मी माझी मूर्ती करणार, तुम्ही तुमची. मी तुमच्या मूर्तीला हात लावणार नाही. सगळे मान डोलावतात. बारापर्यंत हा नियम कुणाच्या लक्षात राहत नाही.

९.३०
पायांपासून सुरुवात. दोन वळ्या करून पाटावर ठेवल्या की मांडी झाली, असं सगळ्यांना वाटतं. मग मी सगळ्यांना खरोखर मांडी घालायला लावतो. “बघा, गुडघा कुठं आला? तळपाय दिसतोय का?” बँकवाल्या काकांना मांडी जमत नाही. ते शेजारच्या पोराची बघून काढतात, आणि त्यांचीच मांडी सगळ्यात बरी होते. मग पोट, छाती. पाणी जास्त लावू नका हे मी दर दहा मिनिटांनी ओरडतो. मुलांना मातीवर पाणी चोपडायला फार आवडतं. वरून मूर्ती चकचकीत दिसते, पण आतून पोट बसायला लागतं.

११.००
सोंड. कार्यशाळेत सगळ्यात जास्त वाद इथं होतात. डावी सोंड करा म्हटलं की निम्मा हॉल आपल्या डाव्या हाताला वळवतो. मूर्तीची डावी म्हणजे समोरून बघताना आपली उजवी. मग एखादी आई घाबरून येते, “सर, उजव्या सोंडेचा झाला की ओ! त्याचं सोवळं लई कडक असतंय म्हणतात.” मी पोराला मूर्तीच्या मागं नेऊन उभं करतो, मूर्ती जिकडं बघते तिकडं तोंड करून. “आता तुझा डावा हात वर कर.” हात वर जातो, सोंड त्याच बाजूला असते, आईचा जीव भांड्यात पडतो. कधी खरंच उजवी निघते. ओली आहे तोवर वळवता येते, वळवायची त्यानं.

दुसरी गोष्ट, सोंड हवेत सोडायची नाही, पोटाला टेकवायची. आमच्या तालुक्यातच खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं. तिथल्या गजथरातले हत्ती बघून आलेल्यांना मी विचारतो, “किती हत्तींच्या सोंडा शाबूत होत्या?” दगडाच्या सोंडा तुटतात, तिथं शाडूची काय कथा! खिद्रापूर बघितलेली मुलं हे पटकन ऐकतात. न बघितलेल्यांच्या सोंडा वाळल्यावर पडतात आणि मग फोन येतात.

१२.००
“सर, जरा हात लावा की.”

याच वाक्यासाठी मी दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरतो. हे दिसतं तितकं सोपं नाही. जी सोंड नीट बसत नाही ती मला समोर दिसत असते. अंगठ्याचा एक दाब पुरेल. हात शिवशिवतो. पण एकाला लावला की सगळी रांग पाट उचलून समोर येते, आणि संध्याकाळी चाळीस मूर्ती माझ्याच तोंडाच्या होतात. तेच करायचं तर घरी बसून विकायच्या केल्या असत्या, पैसे तरी मिळाले असते.

एक मुलगी आहे, सहावी-सातवीतली. तिच्या गणपतीचा एक कान सुपाएवढा, दुसरा छोटा. आई म्हणते, सारखे कर. मुलगी म्हणते, “तो ऐकतोय, म्हणून ह्या बाजूचा मोठा झालाय.” मी आईला चहा प्यायला पाठवतो.

१.३०
पोहे, केळी. हात धुतलेल्या बादल्यांचं पाणी ओतायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा.

२.००
जेवणानंतरचा तास वाईट. डोकी कलंडतात. मान बारीक केलेली असते आणि वर मुकुट चढवलेला असतो. अशा वेळी मी कोल्हापूरचा विषय काढतो. सांगलीकडून कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्याचा ताराराणींचा पुतळा सगळ्यांनी बघितलेला असतो. रवींद्र मेस्त्रींचं ते काम. मागच्या पायांवर उठलेला एवढा जड घोडा उभा कसा राहतो? आत आधार असल्याशिवाय नाही. आपल्या गणपतीच्या मानेत खराट्याची काडी घालायची. तार नको, विसर्जनानंतर बादलीत तारच उरते. काडी घातल्यावर डोकी ताठ होतात, आणि बँकवाले काका वहीत लिहून घेतात: काडी.

४.००
वाळवणं. इथं मी थोडा कडक होतो. आठ-दहा दिवस सावलीत. पंखा नाही, ऊन नाही, ओव्हन तर नाहीच. वरून लवकर सुकली आणि आत ओल राहिली की तडा गेलाच. कच्चा शाडू म्हणजे पाण्याची उधारी. पाणी कधीही परत न्यायला येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात पाणी शिरलं. गणपती महिन्यावर आले होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून शाडूच्या कार्यशाळांना मागणी वाढली, हे खरं. पण शाडूची मूर्ती केली म्हणजे पुण्य पदरी पडलं, असंही नाही. ढिगानं नदीत टाकली तर तीही तळाला गाळ होऊन बसते. म्हणून मी सांगतो, घरी बादलीत विसर्जन करा आणि खाली बसलेली माती मला परत आणून द्या. काहीजण देतात. ती पुढच्या वर्षी वापरता येते आणि माझं भाडंही वाचतं, हे मी लपवत नाही.

५.००
समारोप. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. भाषणात ‘आपल्या मातीतले कलाकार’ हे शब्द हमखास येतात. आपल्या मातीतला म्हणजे फुकट, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. बॅनरवाल्याला कुणी शाल देत नाही, त्याचं बिल देतात. घरी अशा शालींची थप्पी आहे आणि त्यातली एकही शाडूवाला पोत्याच्या बदल्यात घेणार नाही. आजच्या आयोजकांनी मात्र मातीचे पैसे आणि दिवसाची मजुरी आधीच ठरवली होती. पाकीट मोजून घेतलं, शालही घेतली.

७.००
पाट खरवडले. बादल्यांच्या तळाची माती गोळा केली, जुन्या चादरीत पसरली. फडकी धुतली. तेवढ्यात फोन. पलीकडच्या गावातलं मंडळ, पुढचा रविवार.

“शंभर-दीडशे पोरं येतील, सर. मटेरियल तुमचंच ना?”

“चाळीसच्या वर घेत नाही. मातीचा खर्च वेगळा, माझी दिवसाची मजुरी वेगळी.”

“अध्यक्षांना विचारून सांगतो.”

“विचारा. पण गुरुवारपर्यंत सांगा, शुक्रवारी पोती आणायला लागतात.”