परदेशी बिऱ्हाड : दोघे आणि एक मुका सोबती

पूर्वी गावातला एखादाच मुलगा परदेशी जायचा आणि त्याला निरोप द्यायला अर्धी आळी एसटी स्टँडवर जमायची. आता तालुक्याच्या गावातूनही मुले-मुली जर्मनीसारख्या देशात नोकरीला जातात. लग्न झालेले असेल तर जोडीदार सोबत जातो आणि अलीकडे काही घरांतून पाळलेला कुत्राही जातो. घरातली वडील मंडळी म्हणतात, 'तिथे स्वतःचे भागत नाही, त्यात हे लटांबर कशाला?' प्रश्न रास्त आहे. व्हिसा, तिकीट, सामानाचे वजन याची चौकशी सगळे करतात, पण तिघांच्या प्रकृतीचा विचार विमानात बसेपर्यंत कोणी करत नाही. म्हणून या आठवड्यात जर्मनीचे उदाहरण घेऊन या विषयाची माहिती घेऊ.

आधी कुत्र्याचे पंचांग पाहा

भारतात पिसाळलेल्या कुत्र्यांचा रोग, म्हणजे रेबीज, अजून आहे. जर्मनीत कोल्ह्यांमधून पसरणारा रेबीज २००८ पासून संपुष्टात आला आहे. त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्यासाठी युरोपीय संघाचे नियम कडक आहेत. क्रम असा आहे. प्रथम कातडीखाली १५ आकडी क्रमांकाची मायक्रोचिप बसवायची. त्यानंतर रेबीजची लस द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही आणि इथेच अनेकांचा क्रम चुकतो. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन तो युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. प्रतिकारशक्तीचे प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून अधिक भरले पाहिजे. नमुना घेतल्या दिवसापासून पुढे ३ महिने थांबायचे. शेवटी सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत तिथे पोहोचावे लागते.

म्हणजे कमीत कमी ४ महिने झाले. नोकरीचे पत्र हाती आल्यावर एवढा वेळ बहुधा नसतो. शिवाय कुत्र्याचा प्रवास मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर ५ दिवसांच्या आत व्हावा लागतो, नाहीतर त्याला व्यापारी मालाचे नियम लागतात. तेव्हा एकाने पुढे जाऊन घर पाहावे आणि दुसऱ्याने कुत्र्याबरोबर मागून यावे, हाच बहुतेकांना जमणारा मार्ग आहे. मात्र कागदपत्रांत कुत्र्याचा मालक म्हणून मागून येणाऱ्याचेच नाव हवे.

कुत्रा म्हातारा असेल, हृदयाचा आजार असेल किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोला. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना विमानात श्वासाचा धोका अधिक असतो आणि अनेक विमान कंपन्या त्यांना सामानकक्षातून नेत नाहीत. मनाने झोपेची गोळी देऊ नका, हवेत ती उलटू शकते. त्यापेक्षा दोन महिने आधीपासून प्रवासाच्या पिंजऱ्यात बसण्याची सवय लावा. काही वेळा आजी-आजोबांच्या अंगणात राहणे हेच त्या जिवाच्या हिताचे असते. तसा निर्णय घेतल्यास मनाला लावून घेऊ नये.

मनाचे चढउतार

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याचे वर्णन केले. पहिले काही आठवडे सगळेच छान वाटते. मग भाषा, हवा, जेवण, शेजार या सगळ्याचा वैताग येतो. हळूहळू उमज पडते आणि शेवटी माणूस रुळतो. प्रत्येकाचे अगदी असेच होते असे नाही, पण दुसरी पायरी येणार हे माहीत असले की घाबरायला होत नाही.

नवरा-बायको या पायऱ्या एकाच वेळी चढत नाहीत, ही खरी अडचण. नोकरी करणाऱ्याला दिवसभर माणसे भेटतात. घरी राहणाऱ्याला, मग ती पत्नी असो वा पती, चार भिंती आणि न कळणारी भाषा एवढेच उरते. संध्याकाळी सहाला एकजण दमून घरी येतो, तेव्हा हिवाळ्यात भारतात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि आई-वडील झोपलेले असतात. दिवसभर न बोललेले सगळे त्या दमलेल्या माणसावर येऊन पडते आणि भांडणे सुरू होतात. यात स्वभावाचा दोष कमी, परिस्थितीचा अधिक.

उपाय साधे आहेत. भाषेच्या वर्गात पहिल्या महिन्यातच नाव घालावे. बँक, बाजार, डॉक्टर यांतली काही कामे घरी राहणाऱ्याने स्वतः करावीत. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे असे होत असेल तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात आले तर एक दिवसही थांबू नये.

उन्हाची टंचाई

आपल्याला ऊन टाळायची सवय. तिथे ते शोधावे लागते. डिसेंबरात बर्लिनचा दिवस ८ तासांहूनही लहान असतो आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथले ऊन इतके तिरपे असते की त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आपल्या सावळ्या कातडीला तर अधिक ऊन लागते. पाठ-कंबर दुखणे, जिने चढताना मांड्यांत शक्ती नसणे, सतत थकवा, अशा तक्रारी असल्यास रक्त तपासून घ्यावे आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. अति मात्राही अपायकारक असते. काहींना दर हिवाळ्यात ठरावीक उदासी येते. सकाळच्या उजेडात फिरणे हा तिच्यावरचा पहिला उपाय.

मुका डॉक्टर

आणि इथे कुत्र्याचे महत्त्व कळते. बाहेर बर्फ असो की पाऊस, त्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यावेच लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रोज दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे झपझप चालले तरी आठवड्याला २१० मिनिटे होतात. स्वीडनमध्ये सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा पाळणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले आणि एकट्या राहणाऱ्यांत हा फरक अधिक होता. कुत्र्यामुळेच हे झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. दुसरा फायदा असा की अनोळखी माणसाशी बोलायला तिथले लोक कचरतात, पण कुत्र्याची चौकशी करायला थांबतात. मोडक्यातोडक्या जर्मन भाषेतले पहिले संभाषण पुष्कळदा असेच होते.

मात्र जबाबदारीही आहे. तिथे नगरपालिका कुत्र्यावर कर घेते आणि काही राज्यांत कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. घरमालकाची परवानगी आधी लेखी घ्यावी. रात्री दहानंतर भुंकणे शेजाऱ्यांना खपत नाही, म्हणून थोडे थोडे एकटे राहायला शिकवावे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने पंजे चिरतात, म्हणून घरी येताच ते कोमट पाण्याने धुवावेत.

गोचीड विसरू नका

दक्षिण जर्मनीत, विशेषतः बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत, गोचिडीच्या चाव्यातून मेंदूज्वर होऊ शकतो. माणसांसाठी त्यावर लस आहे. तिथे राहायला जाणाऱ्यांनी ती घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. गोचिडीतूनच लाइम नावाचा आजारही होतो. फिरून आल्यावर कुत्र्याचे कान, मान, जांघा आणि स्वतःचे पाय, काखा, गुडघ्यामागची जागा तपासावी. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून हळू सरळ ओढावी. तेल, रॉकेल लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर लगेच दाखवावे. वेळेवर औषध घेतल्यास हा आजार बरा होतो.

जाताना आणि परत येताना

रक्तदाब, थायरॉइड, मधुमेहाच्या गोळ्यांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. आपल्या दुकानातली नावे तिथे चालत नाहीत. गेल्यावर लगेच घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. तातडीच्या वेळी ११२ आणि दवाखाने बंद असताना साध्या दुखण्यासाठी ११६११७ हे क्रमांक दोघांनाही पाठ हवेत.

सुट्टीत गावी येताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडे वाढलेली मुले दिसेल त्या कुत्र्याला कुरवाळायला धावतात. आपल्या रस्त्यावरचा कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करून ती पूर्ण करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. फोनवर 'पगार किती, घर केवढे' याच्या आधी 'आज बाहेर पडलात का, कोणाशी बोललात का' हे विचारावे. आणि ते दोघांना वेगवेगळे विचारावे.