दूरदर्शनपूर्व काळातील संध्याकाळचा रेडिओ आणि पेडणे-डिचोलीतील श्रोता

प्रस्तावना

गोव्यात दूरदर्शन घरोघरी पोहोचू लागले ते १९८० च्या दशकात. त्यापूर्वी संध्याकाळच्या करमणुकीसाठी जत्रेतील नाटक, भजन आणि दशावतार होते. पण त्यांना तिथी-वार लागत असे. रोज संध्याकाळी घरबसल्या मिळणारी करमणूक रेडिओने आणली. पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादीतील तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. घरात कोकणी आणि भजन, नाटक, वाचन यांत मराठी, अशी येथील बहुसंख्य कुटुंबांची भाषिक रीत होती. रेडिओने त्यात हिंदुस्तानीची भर घातली. करमणुकीतून घडलेल्या या अनौपचारिक भाषाशिक्षणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संध्याकाळच का?

याचे एक कारण भौतिकशास्त्रीय आहे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून मुंबई (१९२७), धारवाड (१९५०), पुणे (१९५३) यांसारखी दूरची केंद्रे दिवसापेक्षा अंधार पडल्यावर अधिक चांगली लागत. कोलंबोचे रेडिओ सिलोन तर लघु लहरींवरून समुद्र ओलांडून येई.

दुसरे कारण सामाजिक आहे. शेतात आणि डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींवर राबणाऱ्यांना दिवेलागणीनंतरच सवड मिळे. सुरुवातीच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला वीज किंवा जड बॅटरी लागे आणि खेड्यांत वीज नव्हती. शिवाय भारतात रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. त्यामुळे संच मोजके आणि ऐकणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. १९६० च्या दशकात टॉर्चच्या सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आला आणि विजेची अट सुटली.

सीमा आणि ध्वनी

पोर्तुगीज राजवटीत पणजीचे ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र १९४६ पासून सुरू होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि सीमेवरचे येणे-जाणे जवळजवळ बंद पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त मुक्तिरेडिओ सुरू केला. पुढे तो कॅसल रॉक परिसरात हलवला आणि १९६१ पर्यंत पोर्तुगीज व कोकणीतून चालला. तो करमणुकीसाठी नव्हता. परंतु माणसांना बंद असलेली सीमा आवाजाला अडवू शकत नाही, हे त्यातून दिसून आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६२ पासून आकाशवाणीचे पणजी केंद्र कोकणी व मराठी कार्यक्रम देऊ लागले.

काय ऐकले जाई?

१९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे बुधवारी रात्री आठची वेळ तिच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा जागा दिली. ‘हवा महल’मधून छोट्या श्रुतिकाही ऐकू येऊ लागल्या. शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असे. नाट्यसंगीत आणि दशावतारातील उत्स्फूर्त मराठी संवादांनी तयार झालेल्या येथील कानांना केवळ आवाजातून उभे राहणारे नभोनाट्य परके वाटण्याचे कारण नव्हते.

गीतमालेचे निवेदक अमीन सयानी यांची भाषा शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी मुंबईत प्रौढशिक्षणाचे कार्य करीत. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत आणि अमीन सयानी त्यात हातभार लावीत. अवघड संस्कृत आणि अवघड फारसी दोन्ही टाळणारी त्यांची सोपी हिंदुस्तानी या शिक्षणकार्यात घडली होती. हिंदीचे पाठ्यपुस्तक न पाहिलेल्या श्रोत्यांनाही ती ऐकून ऐकून समजू लागली.

भाषावाद आणि श्रोता

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. पेडणे व डिचोलीचा कल मात्र विलीनीकरणाकडे होता. त्यामुळे या तालुक्यांचा भाषिक इतिहास बहुधा ‘मराठी की कोकणी’ याच प्रश्नाच्या चौकटीत मांडला जातो. संध्याकाळचा रेडिओ वेगळी बाजू दाखवतो. मतदान करताना एकच बाजू निवडावी लागे. रेडिओची कळ फिरवताना तशी सक्ती नव्हती. पणजीचे कोकणी गीत, पुण्या-मुंबईचे नाट्यगीत आणि कोलंबोची हिंदुस्तानी एकाच संचावर, एकाच संध्याकाळी ऐकता येत असे.

निष्कर्ष

हा इतिहास मुख्यतः स्मरणात आहे. १९६५ मध्ये पंधरा वर्षांचे असलेले श्रोते आज पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. संच कोणाच्या घरी होता? कळ कोणाच्या हाती असे? स्त्रिया कोठे बसून ऐकत? कोणती भाषा प्रथम रेडिओवर ऐकली? असे नेमके प्रश्न विचारावेत आणि उत्तरे पडताळून घ्यावीत. उदाहरणार्थ, साठच्या दशकात गीतमाला ‘विविध भारती’वर ऐकल्याचे कोणी सांगितल्यास ती दोन काळांची सरमिसळ समजावी, कारण तो कार्यक्रम तेथे १९८९ मध्ये आला. मात्र अशी चूक आढळली म्हणून संपूर्ण आठवण बाद करू नये. केंद्राचे नाव चुकले तरी कोणाच्या ओसरीवर कोण कोण जमत असे, हे त्या व्यक्तीला अचूक आठवत असू शकते, आणि ते कोणत्याही केंद्राच्या दप्तरात सापडणार नाही.