मधुमालती : नावातला प्रश्न

मधुमालती मूळची आग्नेय आशियातील उष्ण प्रदेशाच्या रानांतली. कोवळेपणी ती झुडपासारखी सरळ उभी राहते. आधार मिळताच वेल होऊन चढते. फूल सायंकाळी पांढरे उमलते, पुढे गुलाबी आणि शेवटी लाल होते. सतराव्या शतकात आंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फिअस या वनस्पती-अभ्यासकाने तिला लॅटिनमध्ये ‘क्विस्क्वालिस’ म्हटले. त्याचा अर्थ, ‘कोण? कशी?’ तिचे मलाय नाव ‘उदानी’ हे ‘कशा प्रकारची’ अशा अर्थाच्या डच शब्दासारखे ऐकू येई; त्याचेच हे लॅटिन रूपांतर. १७६२ मध्ये लिनिअसने ते शास्त्रीय नाव म्हणून स्वीकारले. आता ही वनस्पती ‘काँब्रेटम’ या प्रजातीत गणली जाते.

आपल्या नावात मात्र प्रश्न नाही, म्हणून फसगत होते. संस्कृत काव्यातील माधवी शिकवताना मी कित्येक वर्षे वर्गाच्या खिडकीबाहेरची हीच वेल दाखवीत असे. ती चूक होती. माधवी म्हणजे हळदवेल. तिच्या पांढऱ्या फुलाच्या एका पाकळीवर पिवळा डाग असतो. अमरकोशातली मालती म्हणजे जाई. शब्द ओळखीचा वाटला, तरी ‘कोण? कशी?’ हे विचारूनच अर्थ सांगावा.