उन्हाळ्यातील स्वस्त मासळीची किंमत

वैशाख लागला की सोनई परिसरातील शेतकऱ्याचे लक्ष मुळा धरणाच्या पाणीपातळीकडे लागते. राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथील या धरणाची साठवणक्षमता २६ अब्ज घनफूट आहे. त्याच्या कालव्याच्या पाण्यावर सोनईचा ऊस उभा राहिला आणि उसावर साखर कारखाना. साहजिकच सारी चर्चा आवर्तन किती मिळणार याचीच असते. त्या चर्चेत धरणातील माशाला स्थान नसते.

पाणी उतरते तसा मासा थोड्या जागेत कोंडला जातो. आश्विनात ज्या जाळ्याला दोन-चार मासे लागत, तेच जाळे वैशाखात जड होऊन वर येते. बाजारात आवक वाढते, भाव उतरतो आणि यंदा मासळी उदंड आहे असा समज पसरतो. हा समज फसवा आहे. मासळी वाढलेली नसते. ती पकडण्याचा खर्च तेवढा घटलेला असतो. व्याज समजून आपण मुद्दलच मोडून खात असतो.

याच दिवसांत मासा सर्वांत दुबळा असतो. पाणी २० अंश असताना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू त्यात विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसातवर येते. उलट, तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते. शिवाय कटला, रोहू, मृगळ यांच्या माद्यांच्या पोटी याच सुमारास अंडी भरत असतात. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीत ती लाखाहून अधिक असतात. मृगाआधी अशी एक मादी पकडणे म्हणजे पेरणीपूर्वी बियाणे दळून खाणे होय.

थंड पाण्यातील ट्राउट माशाबाबत पाश्चात्त्य देशांनी हा धडा घेतला आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात नदी तापली की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवली जाते. मात्र त्यांचे घड्याळ जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाही. शेवाळाने हिरव्या झालेल्या आपल्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भर उन्हाळ्यात पकडून, हाताळून परत सोडलेला मासा पुष्कळदा थोड्या वेळाने मरतो. तेव्हा पुरेसे मिळाले की गळ गुंडाळणे, हीच खरी दया.

प्रश्न केवळ दयेचाही नाही. जे सर्वांचे, ते जपण्यात एकट्याचा लाभ नसतो. मी सोडलेला मासा शेजारी धरणारच. मत्स्यव्यवसायातील हे कोडे कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडले. त्यावर सरकारी बंदी किंवा खासगी मालकी हेच दोन उपाय नव्हेत. वापरणारे लोक स्वतः नियम घालून सामायिक संपत्ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास आपल्याकडे १८९७ च्या कायद्यानेच मनाई केली आहे. परंतु दुर्गम काठावर कायद्याचा हात पोहोचेलच असे नाही. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीत मात्र देवीच्या नावाने राखलेले मासे कोणी धरीत नाही.

सरसकट बंदी घालावी, असा याचा अर्थ नव्हे. ज्याचे पोट जाळ्यावर आहे, त्याला उन्हाळ्यात दुसरे काम कोठे मिळणार? त्याच्यावरच संयमाचा सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. म्हणून मच्छीमार संस्थांनी जलाशयातील एखादा खोल डोह उन्हाळाभर राखीव ठेवावा, बारीक आसाची जाळी वर्ज्य करावीत आणि त्या बदल्यात शासनाने ठेक्याच्या रकमेत सूट द्यावी. दरवर्षी बोटुकली सोडण्यावर होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहता ही सूट महाग ठरू नये.

मुद्दल राखून व्याज खावे, हे सहकारावर वाढलेल्या नगर जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. पतपेढीत पाळला जाणारा हा नियम धरणाच्या काठावरही पाळला गेला, तर पुढच्या आश्विनातही जाळे रिकामे येणार नाही.