दुकान वारशाने, अधिकार नोंदणीने

औषधाच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन चौकटी टांगलेल्या दिसतात. एकीत विक्रीचा परवाना असतो, तर दुसरीत फार्मासिस्टचे नोंदणीपत्र. पहिल्या चौकटीत घरातल्या कोणाचे तरी किंवा पेढीचे नाव असते. दुसऱ्या चौकटीतले नाव पुष्कळदा परक्याचे असते. कधी कधी तर त्या नावाचा माणूस दुकानात आठवडेच्या आठवडे फिरकतही नाही. महाराष्ट्रातील अनेक व्यापारी कुटुंबांच्या औषधी व्यवसायावर आज जी टांगती तलवार आहे, ती या दुसऱ्या चौकटीपाशी आहे.

कापड, भुसार वा सराफीच्या धंद्यात मुलगा गादीवर बसला की तो व्यापारी झाला. औषधाच्या व्यापारात तसे होत नाही. दुकानाचा मालक कोणालाही होता येते. भांडवल, जागा आणि परवाना यांची सोय झाली की झाले. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून वा मोजून देण्याचा अधिकार १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ ने केवळ नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिला आहे. मालकी आणि अधिकार यांची अशी फारकत दुसऱ्या कोणत्याही किरकोळ व्यापारात क्वचितच आढळेल.

ही फारकत का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानच्या बाजारात बनावट व निकृष्ट औषधांचा सुळसुळाट होता. सरकारने १९३० मध्ये कर्नल राम नाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९४० चा औषध कायदा झाला, १९४५ मध्ये त्याखालील नियम आले आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. या शेवटच्या कायद्याने जुन्या माणसांना वाऱ्यावर सोडले नाही. पहिली नोंदवही तयार होताना, दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्या कंपाउंडरलाही तीत नाव घालता येत असे. आजोबांच्या पिढीतील काही दुकानदार असेच अनुभवाच्या बळावर नोंदणीकृत झाले. ती वाट पुढे बंद झाली. आता बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची पदविका आणि पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, किंवा पदवी, एवढाच मार्ग उरला आहे. आजोबांचे नोंदणीपत्र नातवाला वारसाहक्काने मिळत नाही, हे वरकरणी उघड वाटते; पण व्यवहारात अनेक घरांनी ते फार उशिरा ओळखले.

औषधे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. कायदा केंद्राचा, पण विक्रीचे परवाने देणे, तपासणी करणे आणि कारवाई करणे हे काम राज्याचे. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन पाहते. फार्मासिस्टची नोंदवहीही राज्यागणिक वेगळी. म्हणून कागलचे दुकान आणि निपाणीचे दुकान एकाच कुटुंबाचे असले, दोन्हींची वहीखाती एकाच मुनिमाकडे असली, तरी परवाना देणारे हात दोन, निरीक्षक दोन आणि नोंदवह्याही दोन. सीमाभागातील कुटुंबांना हे सांगावे लागत नाही.

किरकोळ विक्रीसाठी बहुतेक दुकानांना नमुना २० आणि नमुना २१ असे दोन परवाने घ्यावे लागतात. दुसरा लसी, इन्शुलिन, सीरम यांसारख्या विशेष वर्गातील औषधांसाठी. जागा किमान १० चौरस मीटर हवी. किरकोळ आणि घाऊक दोन्ही एकत्र असतील तर १५. पूर्वी दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करावे लागे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर परवाना कायम राहतो, मात्र दर पाच वर्षांनी तो राखण्याचे शुल्क भरावे लागते. नूतनीकरण संपले म्हणून ती तारीखच वहीतून पुसून टाकणारे दुकानदार नंतर विलंबशुल्क भरताना दिसतात.

व्यापारी कुटुंबांनी खरी काळजी घ्यावी अशी अट परवान्याच्या मागच्या पानावर असते आणि ती बहुधा वाचली जात नाही. पेढीच्या रचनेत बदल झाला, म्हणजे भागीदार वारला, निवृत्त झाला, नवा आला, भावाभावांत वाटणी झाली, तर जुना परवाना त्या दिवसापासून जास्तीत जास्त तीन महिने वैध समजला जातो. तेवढ्या अवधीत नवा परवाना घेतला नाही, तर चौथ्या महिन्यापासूनची विक्री विनापरवाना ठरते. वडील गेल्यावर घरात सुतक, कर्मकांड, बँकेचे कागद, वाटणीची बोलणी सुरू असतात. औषध परवान्याचे नाव कोणाच्या ओठावर येत नाही. मात्र विनापरवाना विक्रीची शिक्षा कायद्याच्या कलम २७ नुसार किमान तीन वर्षे कारावासाची आहे. दुकान तेच, माल तोच, गिऱ्हाईक तेच. केवळ एक अर्ज राहून गेल्याने प्रामाणिक माणूस गुन्हेगाराच्या रांगेत उभा राहतो. दुकानातील पात्र कर्मचारी बदलल्यास त्याची माहितीही एक महिन्याच्या आत द्यावी लागते.

घाऊक व्यापारात नियम थोडे सैल आहेत. तेथे फार्मासिस्टच हवा असे नाही. औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर, किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला शालान्त परीक्षा उत्तीर्ण मनुष्यही ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून चालतो. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेल्या मुलांचा ओढा घाऊक एजन्सीकडे अधिक असतो, त्याचे एक कारण हेच.

किरकोळ दुकानात मात्र सुटका नाही. नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी त्यात भर घातली: फार्मासिस्टने पांढरा कोट घालावा, नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावावा, आणि रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगावे. प्रत्यक्षात काय घडत आले, ते सर्वांना ठाऊक आहे. पदविका झालेल्या एखाद्या तरुणाचे प्रमाणपत्र महिन्याच्या ठरावीक रकमेवर भिंतीला लागते. तरुण दुसऱ्या गावी दुसरीच नोकरी करतो. या प्रथेवर २०१२ च्या सुमारास, महेश झगडे आयुक्त असताना, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मोठी मोहीम उघडली. फार्मासिस्ट गैरहजर आढळलेल्या दुकानांचे परवाने निलंबित होऊ लागले. विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला, बंदचे हत्यार उपसले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लहान गावातील दुकानाला पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार परवडत नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा ठरवून दिला आहे, त्यातून भाडे, वीज, व्याज आणि मुदत संपलेल्या मालाची तूट भागवायची असते. तरीही या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. पगार परवडत नाही म्हणून भाड्याचे नाव लावणे हा हिशेबाचा उपाय झाला, औषधाचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात बनावट वा नोंदणी नसलेल्या फार्मासिस्टकडून औषधे दिली जाणे हा नागरिकांच्या आरोग्याशी खेळ असल्याचे बजावले.

या पेचातून काही कुटुंबांनी आपल्या परीने मार्ग काढला आहे. मुलाला किंवा मुलीला फार्मसीचे शिक्षण द्यायचे, अथवा पदवीधर सुनेची नोंदणी घरच्या दुकानावर करायची. सून दुकानात बसणार का, यावर पूर्वी जी घरगुती खलबते होत, ती आता बरीच ओसरली आहेत. एक सावधगिरी मात्र हवी. सुनेचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि सून माजघरात, असे झाले तर भाड्याच्या नावात आणि घरच्या नावात कायद्याच्या दृष्टीने काहीच अंतर नाही.

दुकानाच्या पाटीचीही एक गंमत आहे. नियमानुसार ‘ड्रगस्टोअर’, ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ आणि ‘फार्मसी’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. फार्मासिस्ट नेमलेला आहे पण चिठ्ठीवरून औषध बनवण्याची व्यवस्था नाही, त्याने ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहावे. औषध बनवण्याची साधने ठेवणाऱ्यानेच ‘फार्मसी’. आज बाजारपेठेतून फेरफटका मारला तर हा भेद पाळलेला क्वचित दिसतो.

काउंटरवरचा अधिक गंभीर प्रश्न पर्यायी औषधाचा आहे. डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी संपली आहे, तेच रसायन दुसऱ्या नावाने कपाटात आहे. दुकानदार सहजपणे ते पुढे करतो. शेड्यूल एच आणि एक्समधील औषधांबाबत नियम ६५ याला स्पष्ट मनाई करतो. घटक तेच असले तरीही. गरीब रुग्णाच्या दृष्टीने हा नियम कठोर आहे आणि त्यावर वाद घालता येईल, पण बदलेपर्यंत तो नियम आहे. जैन वस्तीतील दुकानांत याला एक वेगळा पैलू आहे. औषधाच्या वेष्टनावर अन्नपदार्थांप्रमाणे हिरवी वा तपकिरी खूण नसते, आणि नेहमीच्या कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते. ‘कॅप्सूल नको, गोळी द्या,’ असा आग्रह श्रावक ग्राहक वारंवार धरतात. दुकानदाराला तो आग्रह कितीही पटला तरी शेड्यूल एचमधील औषध त्याला स्वतःच्या मनाने बदलता येत नाही. फोन उचलून डॉक्टरांना विचारणे आणि चिठ्ठी बदलून घेणे, एवढेच त्याच्या हाती असते. ग्राहकाने हे डॉक्टरांच्या खोलीतच सांगितले तर फेरा वाचतो.

जुन्या चिठ्ठीचेही तसेच. डॉक्टरांनी पुन्हा देण्याचे लिहिले नसेल, तर चिठ्ठी एकदाच वापरायची असते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये आरंभी ४६ औषधे होती; त्यांत क्षयरोगाची औषधे आणि तीव्र प्रतिजैविके येतात. त्यांच्यासाठी वेगळी नोंदवही ठेवून डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण लिहावे आणि ती तीन वर्षे जपावी, असा दंडक आहे. मधल्या काळात संगणक आला. पण निरीक्षक आला की त्याला नोंद मिळाली पाहिजे, हे बदललेले नाही.

किराणा दुकानदारांनाही या कायद्याचा स्पर्श होतो. डोकेदुखीच्या गोळ्या, टिंक्चर, ग्राइप वॉटर यांसारखी काही घरगुती औषधे परवान्याविना विकण्याची मुभा शेड्यूल के देते, परंतु केवळ एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात. तालुक्याच्या बाजारातील किराणा दुकानात पॅरासिटामॉलची पट्टी विकणे हे त्या मुभेत बसत नाही.

इंटरनेटवरून औषधे विकणाऱ्यांसाठी केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा काढला. त्याविरुद्ध २८ सप्टेंबरला देशभर दुकाने बंद राहिली. तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कायदा दुकानदाराला केवळ बांधतो असे नाही. तो त्याला वाचवतोही. १९४० च्या कायद्यातील कलम १९ चे तिसरे पोटकलम त्यासाठीच आहे. औषध परवानाधारक उत्पादकाकडून वा वितरकाकडून रीतसर घेतले, त्यातील दोष वाजवी दक्षता घेऊनही कळण्यासारखा नव्हता आणि माल योग्य स्थितीत साठवला होता, हे विक्रेत्याने सिद्ध केले तर निकृष्ट औषधाचे पाप त्याच्या माथी येत नाही. निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग होतात आणि सीलबंद एक भाग दुकानदारालाच मिळतो. विश्लेषकाच्या अहवालाला २८ दिवसांत लेखी आव्हान देता येते. हे सारे ज्याच्यापाशी खरेदीचे बिल आहे त्याच्यासाठी. दोन टक्के स्वस्त मिळते म्हणून बिलाविना माल घेणाऱ्याने हे कवच आपल्या हाताने काढून ठेवलेले असते.

त्या दोन टक्क्यांची किंमत मुंबईने एकदा मोजली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादारांपासून औषध प्रशासनापर्यंत साऱ्या साखळीचे वाभाडे काढले. अशाच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि तेथेही त्यानंतरच कायदा कडक झाला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या बाटल्यांतही तेच द्रव्य निघाले, मर्यादा ०.१ टक्का असताना तब्बल ४८.६ टक्के.

अशा वेळी औषधाचे नाव पुरेसे ठरत नाही. परत मागवला जातो तो विशिष्ट बॅचचा माल, आणि तो ओळखण्याची खूण म्हणजे बॅच क्रमांक. महाराष्ट्रातही त्या बॅचची विक्री थांबवण्याची सूचना निघाली, तेव्हा प्रत्येक दुकानदारापुढे तीन प्रश्न होते: ही बॅच आपल्याकडे आली होती का, कपाटात किती उरली आहे, आणि गेलेली बाटली कोणाकडे आहे. पहिल्याचे उत्तर खरेदीच्या बिलात असते, दुसऱ्याचे साठ्याच्या वहीत. तिसऱ्याचे उत्तर विक्रीच्या बिलावर रुग्णाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहिला असेल तरच सापडते, आणि मग त्या घरी त्याच संध्याकाळी निरोप धाडता येतो.